शिपायांआधी हजेरीपट

नेपोलियनच्या काळातील लढाया टेबलावर खेळायच्या असतील तर नियमांची पुस्तिका लागते आणि सैन्य लागते. पुस्तिका एका दुपारी वाचून होते. सैन्य उभे राहायला महिने, बहुतेकदा वर्षे जातात. धातूचे, प्लॅस्टिकचे किंवा रेझिनचे बोटाच्या पेराएवढे शिपाई विकत आणायचे, त्यांच्या कडा तासून साफ करायच्या, प्रत्येकाची कॉलर आणि मनगटपट्टी त्याच्या रेजिमेंटच्या रंगात रंगवायची, ठरावीक मापाच्या बेसवर त्यांना चिकटवायचे आणि मग त्यांच्या बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन लावायच्या, असा हा उद्योग आहे. त्यात खरेदी हा सर्वांत सोपा भाग वाटतो आणि नेमकी तिथेच बरीचशी सैन्ये बिघडतात. आधी शिपाई घरात येतात, मग त्यांना कुठे उभे करायचे याचा शोध सुरू होतो. क्रम उलटा हवा. लढाई कोणती, वर्ष कोणते, कोणत्या तुकड्या, किती माणसांमागे एक शिपाई, बेस केवढा, हे सगळे कागदावर उतरल्यावरच पैसे खर्च करावेत.

कागद आधी आणि शिपाई नंतर या रीतीचे सर्वांत भव्य उदाहरण लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. कॅप्टन विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती केली आणि ती १८३८ साली लंडनमध्ये लोकांना दाखवली. तिच्यात सत्तर हजारांहून अधिक इवलेसे धातूचे शिपाई आहेत. पण त्याने सुरुवात शिपायांपासून केली नव्हती. १८३० साली तो रणभूमीवर जाऊन आठ महिने राहिला, जमिनीची मोजणी केली आणि नंतर लढाईत हजर असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडून, सायंकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे आणि कोणत्या रचनेत उभी होती, असे विचारले. उत्तरे जुळवून नकाशा तयार झाला आणि त्या नकाशावर शिपाई चढले. त्याने जमीन सुमारे १:६०० या प्रमाणात आणि उंची सुमारे १:१८० या प्रमाणात घेतली. ही दुहेरी मोजपट्टी आजही प्रत्येक खेळाडूला वापरावी लागते. त्याचे कारण पुढे येईल.

लढाईचा खेळ म्हणून पाया घातला गेला तो प्रशियात. तिथल्या लष्करात १८२४ पासून राइसवित्स पितापुत्रांचा क्रीगश्पील रुजला. त्यात शिपाई नव्हते, नकाशावर सरकवायचे ठोकळे होते. शिपाई वेगळ्या वाटेने आले. न्यूरेंबर्गचे कारागीर कथलाचे चपटे सैनिक ओतत आणि त्यांची ३० मिलिमीटरची उंची पुढे प्रमाण मानली गेली. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ने दिवाणखान्याच्या फरशीवरील लढाईला नियम दिले. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ सालच्या ‘वॉर गेम्स’नंतर ब्रिटनमध्ये या छंदाला संघटित रूप आले. एअरफिक्सच्या स्वस्त प्लॅस्टिक शिपायांनी तो शाळकरी मुलांपर्यंत नेला, तर हिंटन हंट, मिनिएचर फिगरिन्स आणि हिंचलिफ यांच्या धातूच्या शिपायांनी मोठ्यांपर्यंत. पीटर गिल्डर यांनी भल्यामोठ्या बटालियन आणि नेटकी रंगवलेली टेबले लोकांसमोर मांडली आणि आपले सैन्य तसेच दिसावे, ही ओढ तेव्हापासून या छंदात कायमची शिरली. २००० नंतर पेरी बंधू, व्हिक्ट्रिक्स, वॉरलॉर्ड यांनी २८ मिलिमीटरचे शिपाई कडक प्लॅस्टिकमध्ये आणले. धातूत परवडली नसती एवढी मोठी सैन्ये त्यामुळे अनेकांच्या आवाक्यात आली.

पहिला निर्णय मापाचा. प्रचलित मापे ६, १०, १५ ते १८, २० आणि २८ मिलिमीटर ही आहेत. २० मिलिमीटर म्हणजे ढोबळमानाने १:७२ हे प्लॅस्टिकचे जुने माप. शेफील्डच्या बॅकसचे ६ मिलिमीटरचे शिपाई चार-चारांच्या पट्टीत ओतलेले येतात. त्यांचा चेहरा दिसत नाही, पण अशा पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की बटालियन खरोखर बटालियनसारखी लांबच लांब दिसते. २८ मिलिमीटरच्या शिपायाची बटणे मोजता येतात. त्याच्या बटालियनची लांबी मात्र कधीच पटत नाही. दोन्हींच्या मध्ये १५ ते १८ मिलिमीटर आहे. एबी कंपनीचे या मापातले शिपाई घडणीसाठी नावाजलेले आहेत. एकच आकडा छापलेल्या दोन उत्पादकांच्या शिपायांत डोक्याएवढा फरक असू शकतो, कारण कोणी तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतो तर कोणी शाको या उंच लष्करी टोपीच्या टोकापर्यंत. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कोणाचे बिघडत नाही. इथे एकाच ओळीत एक ठेंगणा आणि एक धिप्पाड असे शिपाई उभे राहिले की सगळी बटालियन विस्कटलेली दिसते. म्हणून एका बटालियनला एकच उत्पादक, हा नियम पाळावा. दुसऱ्या उत्पादकाचे शिपाई दुसऱ्या बटालियनमध्ये खपून जातात, कारण नजर तुकडीच्या आत तुलना करते, तुकडी-तुकडींत तितकीशी नाही.

माप ठरवण्याआधी एक गणित मांडून पाहावे. समजा, ७२० जणांची फ्रेंच बटालियन तीन रांगांत उभी आहे. एका रांगेत २४० माणसे, प्रत्येकाला खांद्याला खांदा लावून साधारण ५५ सेंटिमीटर जागा, म्हणजे आघाडी सुमारे १३२ मीटर. हीच बटालियन २० माणसांमागे एक या प्रमाणात ३६ शिपायांची केली, त्यांना १८-१८च्या दोन रांगांत लावले आणि प्रत्येकी १५ मिलिमीटर जागा दिली तर टेबलावरची लांबी २७० मिलिमीटर होते. म्हणजे जमिनीवरचा एक मीटर टेबलावर दोन मिलिमीटर. पण २८ मिलिमीटरचा शिपाई उंचीला सुमारे १:६० आहे. त्याच्या प्रमाणात २० मीटर लांबीचे घर केले तर ते ३३ सेंटिमीटर होईल, अख्ख्या बटालियनपेक्षा लांब. म्हणून टेबलावरची घरे उंचीला शिपायांना शोभतील अशी आणि जमीन कमी व्यापतील अशी करावी लागतात. सायबोर्नने दोन मोजपट्ट्या घेतल्या त्या याच अडचणीतून. जमिनीच्या याच हिशोबाने वॉटर्लूची सुमारे पाच किलोमीटरची आघाडी दहा मीटर लांब टेबल मागेल. शिपायांचा हिशोबही तसाच आहे. वेलिंग्टनचे सुमारे ६८ हजार आणि नेपोलियनचे सुमारे ७३ हजार मिळून सात हजारांवर शिपाई होतात आणि संध्याकाळपर्यंत आलेले ५० हजार प्रशियन त्यांत धरलेले नाहीत. २८ मिलिमीटरमध्ये हे एका माणसाचे काम नव्हे. ज्याला पूर्ण लढाई हवी त्याने ६ किंवा १० मिलिमीटरकडे वळावे. ज्याला शिपाई जवळून पाहायचे आहेत त्याने एका डिव्हिजनपुरते, फार तर एका कोअरपुरते थांबावे.

यानंतर वर्ष ठरते. नवा माणूस सर्वांत जास्त पैसे वाया घालवतो ते इथेच. “नेपोलियनकालीन फ्रेंच शिपाई” असा शिपाई अस्तित्वातच नाही. डिसेंबर १८०५ मध्ये ऑस्टर्लिट्झला लढलेला फ्रेंच पायदळ शिपाई आडव्या दोनटोकी टोपीत होता. पुढच्या दोन वर्षांत तिची जागा शाकोने घेतली. १८१२ मध्ये बार्दँच्या नियमावलीने त्याचा लांब शेपटांचा कोट आखूड केला आणि छातीवर तो पूर्ण बंद केला. ऑस्ट्रियन पायदळ आधी तुऱ्याच्या शिरस्त्राणात होते, नंतर शाकोत आले. ब्रिटिश पायदळाचा जुना, नळकांड्यासारखा सरळ शाको वॉटर्लूपर्यंत बहुतेक ठिकाणी जाऊन पुढून उंच असलेला नवा शाको आला होता. एकाच सैन्याने स्पेनमधल्या १८०९च्या आणि बेल्जियममधल्या १८१५च्या लढाया खेळायच्या असतील तर कुठे तडजोड करायची ते खरेदीच्या आधीच ठरवलेले बरे. पुष्कळ जाणकार फ्रेंचांना मोठ्या कोटात घेतात. थंडीपावसात सगळेच मोठा कोट चढवत आणि त्याच्या आत कोणत्या सालचा पोशाख आहे, हे दिसत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या वर्षांच्या यादीत एक घरचे पानही सापडेल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, पुढे वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी लढला. मराठ्यांच्या बाजूला युरोपीय पद्धतीने शिकवलेले शिंद्यांचे कंपू होते. त्यांपैकी सर्वांत मोठ्या कंपूचा सरदार हॅनोव्हरचा अँथनी पोलमन होता आणि मराठा तोफखान्याच्या माऱ्याने ७४व्या हायलँड रेजिमेंटची धूळधाण उडाली. हे सैन्य टेबलावर उभारायला युरोपातील लढायांचे शिपाई जवळजवळ निरुपयोगी आहेत. मद्रासच्या देशी पलटणी, कंपूंचे पायदळ, मराठा घोडदळ आणि बैलांनी ओढलेल्या जड तोफा यांचे शिपाई वेगळ्या मालिकांतून घ्यावे लागतात. ते कमी ठिकाणी मिळतात आणि त्यांच्या पोशाखाची माहिती जमवायला जास्त वेळ लागतो. तरीही तो वेळ द्यावा. वॉटर्लूची टेबले जगभर हजारो आहेत, असईची मात्र विरळा.

लढाई आणि वर्ष पक्के झाले की हजेरीपट लिहायचा. लढाईच्या दिवशी कोणत्या ब्रिगेडमध्ये कोणत्या बटालियन होत्या आणि प्रत्येकीत किती माणसे होती, याचे तक्ते पुस्तकांत उपलब्ध असतात. प्रत्येक बटालियनच्या आकड्याला ठरवलेल्या प्रमाणाने भागले की शिपायांची संख्या मिळते. नियमपुस्तिकेनुसार प्रमाण बदलते. २० माणसांमागे एक हे जुने आणि देखणे प्रमाण. ब्रूस क्वारी यांनी ३३ माणसांमागे एक धरले होते. आजच्या पुष्कळ नियमांत तर प्रमाणच नसते, तुकडीचा मान तिच्या बेसच्या संख्येवर ठरतो. तसे असले तरी गुणोत्तर मनाशी धरून बटालियन लहान-मोठ्या कराव्यात. सगळ्या एकाच आकाराच्या केल्या की सैन्य छापील वाटते आणि दमलेली, लढाईत घटलेली बटालियन डोळ्यांना ओळखू येत नाही.

संख्येच्या आत पुन्हा रचना असते. फेब्रुवारी १८०८ च्या हुकुमाने फ्रेंच बटालियन सहा कंपन्यांची झाली. त्यांपैकी एक ग्रेनेडियर, एक व्होल्टिझर आणि चार फ्युझिलियर, कागदोपत्री प्रत्येक कंपनीत १४० जण. त्यामुळे ३६ शिपायांच्या बटालियनला सहा ग्रेनेडियर, सहा व्होल्टिझर आणि २४ फ्युझिलियर लागतात. अधिकारी आणि ढोल वाजवणारा यांतूनच काढायचे. गरुडध्वज रेजिमेंटला एकच आणि तो पहिल्या बटालियनपाशी. दुकानात मिळणाऱ्या नायकांच्या पाकिटात गरुडधारी असतोच आणि नवा खेळाडू चार बटालियनसाठी चार पाकिटे घेऊन चार गरुड उभे करतो. एका रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनच्या हाती साधे छोटे निशाण द्यायला हवे. ब्रिटिश बटालियनचे उलटे आहे. तिच्या दहा कंपन्या आणि निशाणे दोन, एक राजाचे आणि एक रेजिमेंटचे. म्हणून निशाणदारही दोन लागतात. प्रशियन आणि रशियन बटालियन त्या काळात चार-चार कंपन्यांच्या होत्या, तर ऑस्ट्रियन सहाच्या आणि त्यांचे ग्रेनेडियर बाजूला काढून वेगळ्या बटालियनमध्ये एकत्र केलेले.

हे किती बारकाव्याने पाहावे लागते ते एका ब्रिगेडवरून कळते. वॉटर्लूला पिक्टनच्या पाचव्या डिव्हिजनमध्ये केम्प्टची आठवी ब्रिगेड होती. तिच्यात २८वी, ३२वी, ७९वी आणि ९५वी अशा चार रेजिमेंटांची एकेक बटालियन. ब्रिटिश पायदळाची चार पाकिटे आणली की ब्रिगेड झाली, असे वाटते. प्रत्यक्षात चारही पाकिटे वेगवेगळी लागतात. २८व्या रेजिमेंटने जुना सरळ शाको ठेवला होता आणि १८०१च्या अलेक्झांड्रियाच्या लढाईची आठवण म्हणून ती शाकोच्या मागेही बिल्ला लावत असे. तिचे शिपाई स्पेनच्या मोहिमेच्या मालिकेतून घ्यावेत आणि मागचा बिल्ला रंगाने काढावा. कॉलर पिवळी. ३२वीला नवा शाको, कॉलर पांढरी. ७९वी म्हणजे कॅमेरन हायलँडर्स. घोळदार किल्ट, पिसांची टोपी, हिरवी कॉलर आणि एर्राख्टच्या कॅमेरनांचे टार्टन, जे रंगवताना सर्वांत जास्त वेळ खाते. ९५वी रायफल रेजिमेंट गडद हिरव्या कोटात, हातात बेकर रायफल. या रेजिमेंटला निशाणे नव्हती आणि तिचे इशारे ढोलाऐवजी बिगुलावर चालत, म्हणजे नायकांचे नेहमीचे पाकीट तिच्या कामाचे नाही. तिला विखरून लढण्याच्या पवित्र्यातले शिपाई हवेत. डिव्हिजनचा नायक पिक्टन त्या दिवशी साध्या नागरी कपड्यांत आणि उंच टोपीत होता, त्यामुळे त्याचाही शिपाई वेगळा शोधावा लागतो. हे सगळे आधी लिहून काढले तर खरेदीची यादी अर्ध्या तासात होते. न लिहिता दुकानात गेले तर ब्रिगेड पुरी होत नाही आणि उरलेले शिपाई कपाटात पडून राहतात.

कपाटात पडून राहणाऱ्यांत पहिला मान नेपोलियनच्या शाही गार्डाचा. अस्वलाच्या केसांची उंच टोपी घातलेला ग्रेनेडियर सर्वांना आवडतो. तो पहिल्यांदा विकत घेतला जातो, पहिल्यांदा रंगवला जातो आणि पुष्कळांकडे साध्या लाइन पायदळापेक्षा गार्डच जास्त असतो. खऱ्या सैन्यात तो राखीव होता आणि अनेक लढायांत त्याने गोळीही झाडली नाही. सैन्याचा कणा निळ्या कोटातल्या, धुळीने माखलेल्या फ्युझिलियरांचा असतो. म्हणून आधी दोन लाइन बटालियन पूर्ण कराव्यात, मग एक तोफ, मग घोडदळाची एक रेजिमेंट, मग ब्रिगेडचा नायक. एवढ्यावर पहिला खेळ होतो. लवकर झालेला पहिला खेळ पुढच्या वर्षभराच्या रंगकामाला बळ देतो. गार्ड बक्षीस म्हणून शेवटी आणावा.

घोडदळाचा हिशोब स्क्वाड्रनच्या जोड्यांत करावा आणि घोड्यांचे रंग बिगूलवाल्यासह आधी ठरवावेत, कारण बिगूलवाल्याला बहुधा राखाडी किंवा पांढरा घोडा असे. तोफखान्यात फसगत होते ती तोफांच्या संख्येत. फ्रेंच पायदळाच्या तोफखान्याची तुकडी आठ तोफांची, घोडतोफखान्याची सहांची, ब्रिटिशांची सहांची. बहुतेक खेळाडू एक प्रतिकृती म्हणजे दोन तोफा धरतात. तोफ ओढणाऱ्या गाड्या आणि दारूगोळ्याच्या गाड्या दुर्लक्षित राहतात. त्या महाग असतात, सहा घोडे रंगवायचा कंटाळा येतो. पण त्यांच्यावाचून तोफखाना हलतो आहे की उभा आहे हे टेबलावर दिसत नाही. प्रत्येक सैन्यात निदान एक तरी गाडी असावी.

बेस ही एकदाच ठरवायची गोष्ट आहे. शिपाई चिकटवून, त्यावर वाळू आणि गवत लावून झाल्यावर बेसचे माप बदलणे म्हणजे सर्व बटालियन पुन्हा उखडणे. म्हणून आपल्या गावातले इतर खेळाडू कोणते माप वापरतात, हे पाहून तेच घ्यावे. बेसची आघाडी दोन्ही बाजूंची सारखी असली की जवळपास सर्व नियम खेळता येतात. खोली थोडी कमीजास्त चालते. एका बेसवर सहा किंवा चार शिपाई बसवावेत आणि एक-दोन तुकड्या विखरून लढणाऱ्यांसाठी सुट्या ठेवाव्यात. नायकांच्या बेसची एक जुनी पद्धत फार उपयोगी आहे. ब्रिगेडच्या नायकाच्या गोल बेसवर एक स्वार, डिव्हिजनच्या नायकाच्या बेसवर दोन, कोअरच्या नायकाच्या तीन. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही हुद्दा ओळखता येतो.

प्रत्यक्ष खरेदीत धातू आणि प्लॅस्टिक यांत निवड करावी लागते. प्लॅस्टिक हलके आणि स्वस्त, पण हातपाय जोडत बसावे लागते. धातूचा शिपाई बहुधा एकसंध येतो, हाताला जड लागतो, मात्र त्याची संगीन वाकते आणि वारंवार सरळ केली तर मोडते. भारतात परदेशातून मागवताना वजनावर टपालखर्च आणि वर सीमाशुल्क पडते. त्यामुळे पायदळ प्लॅस्टिकचे आणि नायक, तोफखाना व दुर्मीळ तुकड्या धातूच्या, हा व्यवहारी मेळ आहे. मित्रांनी एकत्र मागणी नोंदवली तर तो खर्च विभागतो. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचे शिपाई छापणेही आता रूढ झाले आहे. त्यासाठी फाइल विकत घ्यावी आणि ती विक्रीसाठी छापायची परवानगी आहे की नाही ते वाचावे. कच्चे रेझिन हातमोज्यांशिवाय हाताळू नये, खोली हवेशीर ठेवावी. जुन्या शिपायांत शिसे असते. ते तासताना तोंडावर मास्क लावावा आणि नंतर हात धुवावेत. साउथ लंडन वॉरलॉर्ड्स हा क्लब लंडनमध्ये दरवर्षी भरवतो त्या सॅल्यूटसारख्या मेळ्यांत जुनी सैन्ये अर्ध्या किमतीत मिळतात. ती घेताना रंगकामाकडे पाहण्याआधी बेसचे माप आणि शिपायाची उंची पाहावी. रंग उतरवता येतो, उंची बदलत नाही.

रंगवण्याचे तंत्र हा स्वतंत्र विषय आहे. संघटनेपुरते एवढे पाहावे की एका वेळी एकच बटालियन हाती घ्यावी आणि ती बेससकट पूर्ण करूनच दुसरी पाकिटे उघडावीत. वापरलेल्या निळ्या-तांबड्या छटांची नावे आणि मिश्रणाचे प्रमाण त्याच दिवशी लिहून ठेवावे. तीन वर्षांनी त्याच रेजिमेंटची दुसरी बटालियन रंगवायची वेळ येते तेव्हा आठवण धोका देते.

हजेरीपट पुढे नोंदवही होतो. प्रत्येक तुकडीमागे उत्पादक, मालिका, संख्या, खरेदीचे साल, रंग आणि स्थिती, म्हणजे नुसते आणलेले, अस्तर दिलेले, रंगवलेले की बेसवर चढलेले, अशी एक ओळ पुरते. बेसच्या पोटावर रेजिमेंट, बटालियन आणि ब्रिगेड लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. पेट्या लावायच्या त्या शिपायांच्या प्रकारानुसार नव्हे, ब्रिगेडनुसार. केम्प्टच्या चार बटालियन, त्यांच्या तोफा आणि नायक एकाच पेटीत असले की खेळाच्या दिवशी एक पेटी उचलली आणि ब्रिगेड निघाली. बेसखाली चुंबकी रबराचा तुकडा आणि पेटीच्या तळाशी पत्रा बसवला तर प्रवासात शिपाई एकमेकांवर पडत नाहीत आणि संगिनी वाचतात. जुने शिशाचे शिपाई ओकच्या कपाटात ठेवू नयेत. त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून भुगा होऊ लागते. प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या पेटीत, थेट उन्हापासून दूर आणि पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ते ठेवावेत. वर्षातून एकदा सगळ्या पेट्या उघडून बेस निघालेले, झेंडे सुटलेले आणि रंग उडालेले शिपाई वेगळे काढावेत आणि पुढची खरेदी नोंदवहीतल्या रिकाम्या ओळी पाहूनच ठरवावी.